टँकरभर पाण्यात गुंजभर शिसे

सराफाच्या तराजूत पूर्वी गुंज असे. ९६ गुंजांचा एक तोळा, म्हणजे एका गुंजेचे वजन साधारण ०.१२ ग्रॅम. आता माण, खटाव किंवा आटपाडीत उन्हाळ्यात येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. त्या टँकरमध्ये गुंजेच्या वजनाएवढे शिसे विरघळले, तर एका लिटरमागे सुमारे १२ मायक्रोग्रॅम शिसे होते. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या वर परवानगी देत नाही. एक गुंज पडली आणि अख्खा टँकर पिण्याच्या लायकीचा राहिला नाही. पाण्याचा रंग तोच, चव तीच, वासही तोच. तुरटी फिरवली, टीसीएल टाकले किंवा पाणी खळाखळा उकळले, तरी त्यावर विसंबता येत नाही. उकळल्याने तर पाणी आटते आणि शिसे तेवढेच राहते.

कॅडमियमची मर्यादा याहून कडक, लिटरमागे ३ मायक्रोग्रॅम. पाऱ्याची १. आर्सेनिकची १०. एवढ्या सूक्ष्म प्रमाणाचा पत्ता आज लागतो तो आयसीपी-एमएससारख्या यंत्रांवर. त्यांची किंमत कोटीच्या घरात जाते, त्यांना शुद्ध आर्गॉन वायू लागतो, शिकलेला माणूस लागतो. नमुना बाटलीत भरून दूर पाठवायचा आणि अहवालाची वाट पाहायची. तोवर टँकर रिकामा झालेला असतो. हीच तपासणी मुठीत मावणाऱ्या विद्युतरासायनिक संवेदकाने गावातच करता येईल का? गेली शंभर वर्षे विज्ञान या प्रश्नाकडे सरकत आले आहे. ते कुठवर पोचले आणि सातारा-सांगलीच्या पाण्यात, मातीत नि हळदीत त्याचा कितपत निभाव लागेल, याचा हा आढावा.

धातू येतात कुठून

या दोन जिल्ह्यांचे पाणी विषारी झाले आहे, असे मी म्हणत नाही. मोजल्याशिवाय तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण धातू वापरणारे आणि साठवणारे व्यवहार इथल्या रोजच्या जगण्यात आहेत.

पहिला गलाईचा. विटा, खानापूर, आटपाडी आणि शेजारच्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातून माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली. चांदी शुद्ध करण्याच्या प्राचीन पद्धतीत शिसे घालतात. भट्टीत शिशाचे भस्म होते, ते इतर हिणकस धातूंना बरोबर घेऊन मुशीत जिरते आणि मागे चांदी उरते. दागिन्याला डाख देताना ज्या ‘केडीएम’ची बोली पूर्वी सर्रास चाले, त्यात कॅडमियम असे. कॅडमियम ७६७ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे सोने वितळण्याच्या कितीतरी आधी त्याची वाफ कारागिराच्या नाकात गेलेली असते. अशा कामाची धूळ कपड्यांवरून घरी येते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते.

दुसरा व्यवहार शेतीचा. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज भागातल्या द्राक्षबागांना डावणीपासून वाचवण्यासाठी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण मारतात. त्यातले तांबे पानांवरून जमिनीत उतरते आणि तिथेच राहते. उसाला पडणाऱ्या फॉस्फेट खतांच्या मूळ खडकात कॅडमियमचा अंश असतो. युरोपीय संघाने २०२२पासून अशा खतांतील कॅडमियमवर एक किलो फॉस्फेटमागे (पी२ओ५) ६० मिलिग्रॅम अशी मर्यादा लागू केली आहे. यात जुन्या बॅटऱ्या फोडणे, मूर्तींचे भडक रंग, शहरांचे सांडपाणी ही भर धरावी. सांगलीचा शेरीनाला कृष्णेत काय काय नेऊन सोडतो, यावर सांगलीकर कितीतरी वर्षे बोलत आहेत. आणि आता कृष्णेचे पाणी तिच्या काठापुरते राहिलेले नाही. कराडजवळच्या टेंभूतून ते उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडीपर्यंत नेले जाते. नदीत पडलेले जे काही असेल, ते चढावरच्या शिवारातही पोचू शकते.

तिसरा हळदीचा. सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीला झळाळी आणणारे लेड क्रोमेट हे दक्षिण आशियाच्या हळद व्यापारावरचे सर्वांत धोकादायक सावट आहे. ही भेसळ कुठेही झाली, तरी संशय हळदीच्या नावावर येतो. ज्या पेठेने हळदीवर नाव कमावले, तिला तो सगळ्यांत महाग पडतो.

प्रागपासून पट्टीपर्यंत

विजेने रसायन ओळखण्याची कल्पना नेटकी बांधली ती प्रागच्या यारोस्लाव हेरोव्हस्की यांनी. १९२२मध्ये त्यांनी काचेच्या बारीक नळीतून थेंब थेंब पडणाऱ्या पाऱ्यालाच इलेक्ट्रोड केले आणि द्रावणातला धातू कोणत्या विद्युतदाबाला प्रतिसाद देतो, हे मोजले. या पोलरोग्राफीबद्दल त्यांना १९५९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. थेंब नवा, म्हणून पृष्ठभाग दर वेळी स्वच्छ, ही त्यातली खुबी होती. पण अगदी सूक्ष्म प्रमाण त्यातून दिसत नव्हते.

तो अडसर स्ट्रिपिंग व्होल्टामेट्रीने दूर केला. तिची रीत आपल्याकडच्या गुऱ्हाळासारखी आहे. रसातली साखर हाताला लागत नाही. तो काहिलीत आटवला की गुळाची ढेप होते. इथेही आधी आटवणे आहे. इलेक्ट्रोडवर सुमारे उणे १.२ व्होल्टचा दाब देऊन पाणी दोन-चार मिनिटे ढवळत ठेवायचे. पाण्यातले शिशाचे, कॅडमियमचे आयन इलेक्ट्रोडवर येऊन धातूच्या रूपात साचत जातात. मग दाब हळूहळू धनाकडे न्यायचा. साचलेला प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या दाबाला पुन्हा विरघळतो आणि तेवढ्या क्षणी विजेचा झोत उसळतो. नेहमीच्या सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत कॅडमियम साधारण उणे ०.८ व्होल्टला सुटते, शिसे उणे अर्ध्या व्होल्टच्या आसपास, तर तांबे शून्याजवळ. आलेखावर शिखर कुठे उगवले यावरून धातूची ओळख पटते, ते किती उंच आहे यावरून त्याचे प्रमाण कळते. एकाच नमुन्यात तीन-चार धातू एका दमात मोजता येतात, तेही लिटरमागे एक मायक्रोग्रॅमच्या खाली.

या पद्धतीला एक मोठा कलंक होता. विष शोधायला विषच लागे, कारण उत्तम इलेक्ट्रोड पाऱ्याचा होता. जपानमधल्या मिनामाताच्या कोळ्यांवर ज्या धातूने घाला घातला, तोच घेऊन गावोगाव फिरणे कुणालाच मान्य होण्यासारखे नव्हते. २०००मध्ये जोसेफ वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाऱ्याऐवजी कार्बनवर बिस्मथचा पातळ थर चढवला आणि शिसे-कॅडमियमची शिखरे जवळपास तितकीच स्पष्ट मिळवली. पाऱ्याच्या तुलनेत बिस्मथ फारच निरुपद्रवी आहे, पोटाच्या औषधातही ते वापरतात. पुढे अँटिमनीचे थरही आले. दुसरीकडे शाईने छापलेल्या इलेक्ट्रोडच्या पट्ट्या निघाल्या आणि दाब देणारे यंत्र, पोटेन्शिओस्टॅट, स्वस्त झाले. २०११मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ८० डॉलरच्या आत बनणाऱ्या यंत्राचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. २०१४मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने सुमारे २५ डॉलरचे उपकरण दाखवले. ते पाण्यातले धातू मोजून साध्या मोबाइलच्या आवाजी कॉलवरूनही आकडे पाठवू शकत होते.

अशी पट्टी आपल्या घराला नवीन नाही. मधुमेही माणूस बोट टोचून ग्लुकोमीटरला देतो ती विद्युतरासायनिक पट्टीच असते. पण तुलना करताना आकडा लक्षात ठेवावा. रक्तातली साखर साधारण १०० (डेसिलिटरमागे मिलिग्रॅम) असते, म्हणजे लिटरमागे एक ग्रॅम. पाण्यातल्या शिशाची मर्यादा तिच्या एक लाखावा हिस्सा आहे. ग्लुकोमीटर झाला, मग हा संवेदक का होत नाही, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एक लाखात आहे.

शर्यत कसली लागली

गेल्या पंचवीस वर्षांत या विषयावर शोधनिबंधांचा पूर आला. ग्राफीन, कार्बन नळ्या, सोन्याचे नॅनोकण, धातू-सेंद्रिय जाळ्या, उसाच्या चिपाडापासून केलेला कार्बन, असे नाना पदार्थ इलेक्ट्रोडवर चढवून झाले. त्यामागचा विचार बरोबर होता. पृष्ठभाग मोठा करायचा, त्यावर धातूला धरून ठेवणारे रासायनिक गट बसवायचे, म्हणजे आटवण्याचे काम लवकर होते.

मात्र या संशोधनाला एका शर्यतीने ग्रासले. कुणाचा संवेदक किती कमी प्रमाण पाहू शकतो, यावरच यश मोजले जाऊ लागले. मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची असताना त्याच्या हजाराव्या हिश्शाचे दावे झाले. गावच्या पाण्याला त्या हजाराव्या हिश्शाचा उपयोग नाही. ८ आणि १२ यांतला फरक आज, उद्या आणि पुढच्या महिन्यात, वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या पट्टीवर तोच येतो का, हे गावाला हवे असते. हाताने थेंब टाकून केलेला नॅनोथर दहाव्या इलेक्ट्रोडवर पहिल्यासारखाच बसेल याची खात्री नसते. बरेच निबंध शुद्ध पाण्यात मोजमाप करून शेवटी नळाच्या पाण्याचे एक-दोन नमुने जोडतात. ते काम वाया गेलेले नाही, पण ते जिथे थांबते तिथूनच आपली गरज सुरू होते.

कृष्णेचे पाणी, बागेची माती, पेठेची हळद

पहिली अडचण नदीच्या पाण्याची. त्यात कुजलेल्या पाल्याची आम्ले असतात, साबण असतो, सांडपाण्याचा मळ असतो. हा मळ इलेक्ट्रोडवर बसला की शिखर खुजे होते आणि धातू असून कमी दिसतो. शिवाय शिशाचा काही भाग या सेंद्रिय पदार्थांना आणि गाळाच्या कणांना चिकटलेला असतो. संवेदक मोकळे आयन तेवढे पाहतो. मानक मात्र एकूण शिशाची मोजदाद मागते. म्हणून नमुन्यात आधी नायट्रिक आम्ल घालून धातू सोडवून घ्यावा लागतो. ‘थेंब टाका, आकडा वाचा’ ही जाहिरात इथे कोलमडते. पावसाळ्यातल्या गढूळ कृष्णेसाठी आणि मार्चमधल्या निवळ कृष्णेसाठी पूर्वतयारी सारखी असून चालणार नाही.

दुसरी अडचण बागेच्या मातीची. तांबे जास्त असले की बिस्मथच्या थराचे बिनसते. इलेक्ट्रोडवरच्या जागेसाठी तांबे आणि बिस्मथ झगडतात, त्यांची शिखरेही एकमेकांशेजारी येतात आणि शिशाचे शिखर दबते. तांबे आणि जस्त तर इलेक्ट्रोडवर आपसात मिश्रधातू करून दोघांचेही आकडे बिघडवतात. बोर्डोने वर्षानुवर्षे न्हालेल्या मातीत शिसे शोधायचे, तर आधी फेरोसायनाइडसारख्या रसायनाने तांब्याला बाजूला बसवावे लागते. दुसऱ्या देशातल्या नदीपाण्यावर बसवलेली पद्धत तासगावला जशीच्या तशी चालेल असे धरून चालता येत नाही. त्यातच आपली काळी माती बेसॉल्टची लेक. तांबे, क्रोमियम, निकेल तिच्या अंगातच असते. आकडा मोठा दिसला म्हणून लगेच कारखान्यावर किंवा शेतकऱ्यावर बोट ठेवता येणार नाही. आधी बागेबाहेरच्या, न फवारलेल्या मातीचा आकडा हाताशी हवा. दिलासाही याच मातीत आहे. ती अल्कधर्मी आणि चिकण असल्याने बरेचसे धातू धरून ठेवते, सहजी विहिरीत सोडत नाही.

तिसरी अडचण हळदीची. लेड क्रोमेट साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेव्हा हळद पाण्यात कालवून पट्टी बुडवली तर शिसे असूनही दिसणार नाही. शिवाय हळदीतले कर्क्युमिन स्वतःच इलेक्ट्रोडवर विजेला प्रतिसाद देते आणि तिथेच चिकटून बसते. भुकटी आम्लात पूर्ण जिरवणे हाच मार्ग. ते केले, तर मोजमाप सोपे होते. भारतात हळदीत किलोमागे १० मिलिग्रॅम शिशाची मर्यादा आहे. या मर्यादेवरची एक ग्रॅम हळद जिरवून १०० मिलिलिटर द्रावण केले, की लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम शिसे मिळते. पाण्यातल्या मर्यादेच्या दसपट. संवेदकाला ते ठळक दिसते. कष्ट इलेक्ट्रोडचे कमी, जिरवण्याचे जास्त.

एकाच जाळ्यात सगळे मासे सापडत नाहीत, हेही सांगायला हवे. शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त यांना बिस्मथ किंवा कार्बनची पट्टी पकडते. आर्सेनिक आणि पाऱ्यासाठी सोन्याचा इलेक्ट्रोड लागतो. आर्सेनिकचे एक रूप सहज साचते, दुसरे आधी बदलून घ्यावे लागते. सहासंयुजी क्रोमियमची रीत पुन्हा निराळी. ‘सर्व जड धातू एका पट्टीवर’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत.

बाहेरचे दोन धडे

ही पद्धत प्रयोगशाळेबाहेर खरोखर वापरली गेली, त्याचे मोठे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील लेडकेअर. बोटातल्या रक्ताच्या थेंबातून मुलांच्या अंगातले शिसे काही मिनिटांत सांगणारे हे उपकरण स्ट्रिपिंग व्होल्टामेट्रीवरच चालते. दवाखान्यांतून ते सर्वत्र पोचले. मग मे २०१७मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की शिरेतून काढलेल्या रक्तात ते शिसे कमी दाखवू शकते. रक्ताच्या नळीच्या रबरी बुचातून उतरणारे एक रसायन शिशाला बांधून ठेवते, हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. दोष ठाऊक असून लपवल्याच्या खटल्यात २०२४मध्ये मॅगेलन डायग्नोस्टिक्स या कंपनीने गुन्हा कबूल केला आणि ४ कोटी २० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. इलेक्ट्रोडचे विज्ञान खोटे नव्हते. एका बुचाने आकडा फिरवला आणि तो पडताळणारी स्वतंत्र नजर उशिरा पडली.

दुसरा धडा बांगलादेशाचा. तिथे १९८०च्या दशकात पुराने हळद भिजली, काळवंडली आणि तिला पिवळेपणा यावा म्हणून लेड क्रोमेट चोळण्याची प्रथा पडल्याचे सांगितले जाते. पूर आणि हळद यांची गाठ सांगलीला नवी नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे २००५च्या महापुराने उद्ध्वस्त केली. बांगलादेशात २०१९मध्ये स्टॅनफर्डच्या आणि स्थानिक संशोधकांनी ही भेसळ उघड केली. सरकारने पेठांवर छापे घातले, हातात धरता येणाऱ्या क्ष-किरण यंत्राने जागेवर तपासणी केली, लोकांना सावध केले. बाजारातल्या नमुन्यांत शिसे सापडण्याचे प्रमाण २०१९मध्ये ४७ टक्के होते. २०२१मध्ये ते शून्यावर आले. तिथे वापरलेले यंत्र विद्युतरासायनिक नव्हते, आणि भुकटीसाठी क्ष-किरण खरेच सोयीचे आहेत. पाण्यातल्या दहा मायक्रोग्रॅमपर्यंत मात्र त्यांची नजर पोचत नाही, तिथे स्ट्रिपिंगच हवे. धडा असा की जागेवरची तपासणी आणि तिच्यामागे लगेच होणारी कृती एकत्र आली, तर दोन वर्षांत बाजार बदलतो.

आपल्या दोन जिल्ह्यांत

एवढे पाहिल्यावर माझे मत सांगतो. शिसे, कॅडमियम आणि तांबे यांच्यापुरता हा संवेदक चाळणी म्हणून वापरण्याइतका तयार आहे. न्यायाधीश म्हणून नाही. शंभर विहिरींतल्या संशयास्पद पाच विहिरी त्याने निवडाव्यात, त्या पाचांचा निकाल मोठ्या यंत्राने द्यावा. आज आपण मोजक्याच बाटल्या मोठ्या यंत्राकडे पाठवतो आणि बाकीच्यांबद्दल अंदाजाने बोलतो.

ही चाळणी हलवणारे हात इथेच आहेत. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. त्यांच्या संचात पीएच, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड असे घटक असतात. शिसे-कॅडमियम त्यात सहसा नसतात. त्यांच्या हाती एकदम पट्टी देऊ नये. आम्ल हाताळणे, कोरा नमुना मोजणे, बाटलीवरची धूळ टाळणे यासाठी प्रयोगशाळेची शिस्त लागते. त्यांनी नमुना नीट भरावा आणि तालुक्याच्या महाविद्यालयाने मोजावा. रयत शिक्षण संस्था १९१९मध्ये कराडजवळच्या काले गावी निघाली, त्याच वर्षी सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. १९४७पासून सांगलीत वालचंद अभियांत्रिकी आहे. यंत्र बांधायला वालचंद, रसायन सांभाळायला विलिंग्डन, आणि गावोगावच्या शाखा रयतेच्या. रयतेत संस्थापक कर्मवीरांची ‘कमवा आणि शिका’ ही परंपरा आहेच. धातू मोजण्याचे काम त्या योजनेत आले, तर विद्यार्थ्याला मेहनताना मिळेल आणि जिल्ह्याला नकाशा.

पहिल्या वर्षी फार मोठे काही करू नये. कृष्णेची महाबळेश्वरपासून हरिपूरच्या वारणा संगमापर्यंतची ठरावीक ठिकाणे, द्राक्षपट्ट्यातल्या काही विहिरी आणि टँकर भरण्याचे उद्भव एवढे घ्यावेत. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशा तीन फेऱ्या कराव्यात. दर दहा नमुन्यांतला एक मोठ्या यंत्रावर पडताळून पाहावा. दोन्ही आकडे जुळले की नाही, हे जसेच्या तसे जाहीर करावे. गलाईच्या कामावरून जत्रेला गावी आलेल्या कुटुंबांतल्या मुलांचे रक्त सरकारी डॉक्टरांच्या देखरेखीखाली तपासावे, कारण पाण्याआधी शिसे तिथे असण्याची शक्यता अधिक आहे. आणि आकडा वाढला तर काय करायचे, कुठला उद्भव बंद करायचा, पर्यायी पाणी कुठून आणायचे, हे मोजायला निघण्याआधी ठरलेले असावे.

एक नियम मात्र कधीच सुटू नये. नमुन्याचे दोन भाग करायचे, एकात माहीत असलेले शिसे ठरावीक मापाने घालायचे आणि शिखर तेवढेच वाढते का, ते पाहायचे. मळाने, तांब्याने, कर्क्युमिनने किंवा बुचाने केलेली बरीचशी लबाडी या एका कृतीत उघडी पडते. विट्याच्या गलाईवाल्यांना ही रीत नवी वाटणार नाही. कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ ओढली की सराफ नुसत्या त्या रेघेवर किंमत सांगत नाही. शेजारी ठाऊक असलेल्या कसाची दुसरी रेघ ओढतो, दोन्ही ताडून पाहतो आणि मगच बोलतो. सोन्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली ही सावधगिरी टँकरभर पाण्यातली एक गुंज शोधतानाही पाळू या.